बायबलची सलग गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या आमच्या मराठी बायबल अभ्यासवर्गात नवीन माणूस आला की फिरून फिरून हेच प्रश्न निघतात. विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. भायखळा-गिरगावातल्या जुन्या मराठी मंडळ्यांतली तरुण मुलं असतात, वसईहून येणारे कॅथलिक असतात, आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे प्रभूची प्रार्थना तोंडपाठ असलेले, पण बायबल कधीच न उघडलेले हिंदू मित्रही असतात. खालची उत्तरं वर्गातल्या चर्चेतून आलेली आहेत, कुठल्या मंडळीचं अधिकृत निवेदन म्हणून ती वाचू नयेत.

'बायबलचं ईशज्ञान' हा काय प्रकार आहे? पाळकसाहेब रविवारी सांगतात तेच ना?

थोडं वेगळं. रविवारच्या उपदेशात बहुधा एक उतारा घेतात. सिद्धांतांच्या पुस्तकात पाप, तारण, देवदूत असा एकेक विषय घेतात आणि त्यावरची वचनं सगळीकडून वेचून एकत्र मांडतात. बायबलचं ईशज्ञान दुसऱ्या वाटेनं जातं. एखादी कल्पना पहिल्यांदा कुठे दिसते, पुढे कशी वाढते, संदेष्टे तिला कुठे वळवतात आणि येशूपाशी आल्यावर तिचं काय होतं, हे क्रमानं पाहायचं. योहान गाब्लर या जर्मन अभ्यासकानं १७८७ साली आल्टडॉर्फ विद्यापीठातल्या भाषणात या दोन कामांची फारकत केली. बायबलच्या लेखकांना त्यांच्या काळात काय म्हणायचं होतं ते आधी शोधा, आज काय शिकवायचं ते नंतर ठरवा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सगळ्या निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही. पण आधी ऐकून घ्या, मग बोला, हा आग्रह योग्यच आहे.

सहासष्ट पुस्तकं, एवढे लेखक, आणि गोष्ट एकच? हे जरा ओढूनताणून नाही वाटत?

शंका रास्त आहे. जुना करार हिब्रूत आहे, त्यातला थोडा भाग अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, प्रेमगीतं आहेत, खासगी पत्रं आहेत. अभ्यासकांचंही एकमत नाही. विसाव्या शतकात वाल्टर आयख्रोट म्हणाला, जुन्या कराराचा गाभा म्हणजे देवानं माणसांशी केलेला करार. गेरहार्ड फॉन राडला असा एक गाभा शोधणंच चुकीचं वाटत होतं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या नव्यानं सांगत आले, ते सांगणं हाच खरा विषय, असं तो म्हणे.

आमच्या वर्गाचं मत असं आहे: देव माणसांत वस्तीला येऊ पाहतो, माणसं ती वस्ती मोडतात, तरी तो येतच राहतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हे सूत्र धरून वाचता येतं. ईयोब आणि उपदेशक त्यात सरळ बसत नाहीत, आणि कोंबून बसवूही नयेत. सगळं नीट जुळतंय असं वाटायला लागलं की ही दोन पुस्तकं मध्येच 'खरंच का?' म्हणून विचारतात.

मराठीला ही सलग मांडणी नवी नाही, हेही सांगून ठेवतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. त्यातलं पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूचं. येशूची कथा सांगायची तर आदामापासून बसावं लागतं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

आम्ही ख्रिस्ती. मग नवा करार वाचला की पुरे नाही का?

शिवाजी मंदिरला नाटक सुरू होऊन मध्यंतर झाल्यावर आत शिरलात तर संवाद ऐकू येतील, पण कोण कोणावर आणि का चिडलंय ते कळणार नाही. नव्या कराराचं पहिलं पुस्तक मत्तय, त्याचं पहिलं पानच पाहा: अब्राहाम, दावीद, बाबेलचा बंदिवास. ही नावं माहीत नसतील तर तो अध्याय म्हणजे नुसती मतदारयादी. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसानं जुना करार टाकूनच द्यायचा प्रयत्न केला होता. मंडळीनं तो मानला नाही.

पण जुना करार तर ज्यूंचा. तो आपण आपला म्हणायचा?

मुंबईत हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. बेने इस्राएल समाज कोकणातून इथे आला, मराठीच बोलत आला. मशीद बंदरजवळचं त्यांचं शार हारहमीम सिनेगॉग १७९६ सालचं आहे. तिथली हिब्रू शास्त्रं आणि प्रोटेस्टंट बायबलमधला जुना करार यांतली पुस्तकं तीच आहेत, क्रम मात्र वेगळा. ज्यूंच्या परंपरागत क्रमात शेवटी येतं 'इतिहास' हे पुस्तक, आणि त्याच्या शेवटच्या ओळींत इराणचा राजा कोरेश बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यरुशलेमेला परत जायची मोकळीक देतो. आपल्याकडे शेवटी येतो मलाखी, आणि तो म्हणतो की एलीया हा पूर्वीचा संदेष्टा येणार आहे. पान उलटलं की मत्तय, आणि थोड्याच वेळात एलीयासारखाच पोशाख केलेला बाप्तिस्मा करणारा योहान. म्हणजे पुस्तकं लावण्यातच एक वाचन दडलेलं आहे.

'ज्यूंचं संपलं, आता सगळं आमचं' हे वाक्य मात्र वर्गात चालत नाही. प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय त्याच घमेंडीविरुद्ध आहेत.

देवाला माणसांत राहायचं आहे, हे कुठे लिहिलंय? आम्ही तर ऐकलं की आपल्याला देवाकडे जायचं आहे.

हा आमचा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरतोय. माणसं लपतात, मग बाहेर काढली जातात, आणि बागेच्या पूर्वेला करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय पहारेकरी, पहाऱ्यावर बसतात. ही पूर्व दिशा आणि हे करूब लक्षात ठेवा. पुढे रानात निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, उभा राहतो तेव्हा त्याचं दार पूर्वेला असतं आणि आतल्या पडद्यावर करूब विणलेले असतात. म्हणजे बागेकडे परत जायची वाट कापडातून आणि लाकडातून दाखवली आहे.

निर्गमाचं पुस्तक लोकांना दहा पीडा आणि तांबड्या समुद्रासाठी आठवतं. पण त्याच्या चाळीस अध्यायांपैकी तेरा या मंडपाभोवती फिरतात: खुंट्या, पडदे, कड्या, मोजमापं. तिथे वाचक कंटाळतो. खरं तर देवानं मिसरातून (इजिप्तमधून) लोकांना बाहेर का काढलं याचं कारण तिथेच, एकोणतिसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे: त्यांच्यात राहता यावं म्हणून.

मग शलमोनाचं मंदिर. त्यातलं परमपवित्रस्थान, म्हणजे सगळ्यांत आतली खोली, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, म्हणजे चहूबाजूंनी सारखं. पुढे यहेज्केल हा संदेष्टा पाहतो की लोकांच्या पापांमुळे देवाचं तेज मंदिरातून निघतं, उंबरठ्यावर थांबतं, पूर्वेच्या दारापाशी थांबतं, शहराबाहेरच्या डोंगरावर थांबतं. जायला मन होत नसल्यासारखं ते जातं. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं ते मंदिर जाळलं. परत आलेल्यांनी दुसरं बांधलं, पण पहिल्या वेळेसारखं तेजानं ते भरून गेल्याचं वर्णन एज्राच्या पुस्तकात नाही. उलट ज्यांनी जुनं पाहिलं होतं ते म्हातारे पाया घालतानाच रडले, असं आहे.

हे सगळं माहीत असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय अंगावर येतो. शब्द देही झाला आणि त्यानं आमच्यात वस्ती केली, आम्ही त्याचं तेज पाहिलं. दुसऱ्या अध्यायात येशू स्वतःच्या शरीरालाच मंदिर म्हणतो. पौल करिंथच्या भांडकुदळ मंडळीला सांगतो की तुम्ही देवाचं मंदिर आहात, तेही 'तुम्ही सगळे मिळून' या अर्थानं. आणि प्रकटीकरणाच्या शेवटी स्वर्गातून खाली उतरणारं नगर लांबी, रुंदी, उंची सारखी असलेलं आहे. शलमोनाच्या त्या आतल्या खोलीचाच हा आकार. त्या नगरात वेगळं मंदिर नाही, कारण आता सगळं नगरच ती खोली झालं आहे.

दिशा पाहा. शेवटी माणसं वर जात नाहीत, नगर खाली येतं.

म्हणजे तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाणं नाही?

विश्वासणारा मेल्यावर प्रभूजवळ असतो, हे नवा करार सांगतो. पण तिथे गोष्ट थांबत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सबंध पुनरुत्थानावर आहे, आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात नुसती माणसंच नव्हे तर सगळी सृष्टी सुटकेची वाट पाहत कण्हते आहे. शरीर टाकून आत्मा सुटला, एवढीच आशा असती तर कबर रिकामी असण्याची गरज नव्हती. आपल्या मयताच्या उपासनांत 'स्वर्गीय घर' खूप ऐकू येतं, नवी पृथ्वी फार कमी. ही तक्रार आम्ही पाळकसाहेबांकडेही करतो.

करार म्हणजे 'तुम्ही आज्ञा पाळा, मी आशीर्वाद देतो' असाच व्यवहार ना?

सीनाय डोंगरावर मोशेच्या हातून झालेल्या करारात तसा भाग आहे. पण त्याच्या आधीचा अब्राहामाशी केलेला करार वाचा, उत्पत्ती १५. जनावरं मधोमध चिरून समोरासमोर ठेवली आहेत. त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे 'मी करार मोडला तर माझंही असंच होवो' असं म्हणायचं. यिर्मया ३४ मध्ये ही रीत स्पष्ट दिसते. अब्राहाम गाढ झोपलेला आहे, आणि तुकड्यांमधून जाते धुराची भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव. एकटाच. शपथेचा सगळा भार एका बाजूनं उचलला.

पुढे नोहा, मोशे, दावीद यांच्याशी झालेले करार एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत (नोहाचा अर्थात सर्वांत आधीचा). यिर्मया ३१ मध्ये देव एका नव्या कराराचं वचन देतो (इथे त्या नावाचं पुस्तक नव्हे), आज्ञा हृदयावर लिहिलेल्या. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू प्याला हातात घेऊन त्याच करारावर बोट ठेवतो.

निर्गम ही गुलामांच्या सुटकेची गोष्ट की आपल्या पापांपासूनच्या सुटकेची?

दोन्ही, आणि पहिलीला वगळून दुसरी नव्हे. मिसरचा राजा फारो याच्या विटा खऱ्या होत्या, पाठीवरचे चाबूकही खरे होते. म्हणूनच नियमशास्त्र पुन्हा पुन्हा बजावतं की परक्याला छळू नका, तुम्हीही मिसरात परके होता. दलित ईशज्ञानाचे एक प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातली कबुली पुढे ठेवली: माझा बाप भटका अरामी होता, आम्ही राबलो, आम्ही ओरडलो, देवानं ऐकलं. आपला इतिहास लपवून नव्हे तर उच्चारून देवापुढे यायचं, हे त्यांना त्यात दिसलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यशया ४३ मध्ये हीच घटना पुढच्या सुटकेचा नमुना होते. लूकच्या नवव्या अध्यायात डोंगरावर मोशे आणि एलीया येशूशी त्याच्या 'निर्गमना'बद्दल बोलतात, म्हणजे यरुशलेमेतल्या त्याच्या मरणाबद्दल. शेवटचं भोजनही वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या त्या सुटकेची आठवण करणाऱ्या सणातच होतं.

यिर्मया २९:११ आमच्या घरातल्या कॅलेंडरवर आहे. ते वचन माझ्यासाठी आहे ना?

मुंबईतल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत ते कुठे ना कुठे असतंच, नाहीतर व्हॉट्सॲपवर तरी. तुमच्याविषयी देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं ते वचन. आता एक वचन मागे जा. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत. हे पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं मरण तिथेच होणार होतं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळे परत' असं सांगून टाळ्या घेतो. यिर्मया ते खोटं ठरवतो.

मग करायचं काय? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्या शहराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! गावचं घर मनात धरून इथल्या खोलीत उभा जन्म काढलेल्या चाकरमान्यांच्या या शहरात तो अध्याय वेगळाच लागतो. आपलं शेवटचं गाव हे नव्हे, तरी इथली गटारं, शाळा, शेजारी आपलेच. पेत्राचं पहिलं पत्र विश्वासणाऱ्यांना परके आणि प्रवासी म्हणतं, ते याच बंदिवासाच्या भाषेत.

कॅलेंडर काढू नका. सगळा अध्याय वाचा.

देवाचं राज्य म्हणजे स्वर्ग का?

नाही. मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचं राज्य' म्हणतो, तिथेच मार्क आणि लूक 'देवाचं राज्य' म्हणतात. जागेपेक्षा कारभाराची गोष्ट आहे: देवाची सत्ता चालते ती अवस्था. 'तुझं राज्य येवो, स्वर्गात तसं पृथ्वीवर' असं रोज म्हणणाऱ्यांना हा प्रश्न पडू नये, पण पडतो.

याचीही मागची गोष्ट आहे. पहिल्या शमुवेलच्या आठव्या अध्यायात लोक राजा मागतात, आणि शमुवेल सांगतो की राजा काय करेल: तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल. 'घेईल, घेईल' असंच ते भाषण चालतं. पुढचे बहुतेक राजे तसेच निघाले. स्तोत्र ७२ मधला राजा दुबळ्यांचा न्याय करतो. तो कागदावरच राहिला, आणि त्या रिकाम्या जागेत मशीहाची, म्हणजे देव पाठवणार असलेल्या राजाची, आशा वाढली. येशू नासरेथच्या सभास्थानात यशया वाचून 'आज हे पूर्ण झालं' म्हणतो, तरी सांगतो की राज्य मोहरीच्या दाण्यासारखं वाढतं आहे. आलं आहे, पुरतं आलेलं नाही. या दोन वाक्यांतलं एक सोडलं की गडबड होते. पहिलं सोडलं तर विश्वास नुसता वाट पाहण्याचा होतो, दुसरं सोडलं तर 'विश्वास असेल तर आजार राहणारच नाही' असं सांगणाऱ्या सभा भरतात. अशा सभांनी दुखावलेली माणसं आमच्या वर्गात येतात.

देवाला रक्त का लागतं?

आमच्यातल्या पुष्कळांच्या आजोळी देवीला कोंबडं-बकरं देण्याची रीत होती, त्यामुळे प्रश्न समजतो. तिथे माणूस देवाला देतो. लेवीय १७:११ मात्र उलट बोलतं: रक्त मी तुम्हाला दिलं आहे, तुमच्या प्रायश्चित्तासाठी, असं देव म्हणतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड असत. एकाचं रक्त परमपवित्रस्थानात नेत. दुसऱ्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडून देत. पहिला वस्ती शुद्ध करतो, दुसरा घाण बाहेर नेतो.

आणि हाच यज्ञविधी आमोस आणि मीखा हे संदेष्टे झोडपून काढतात. न्याय नसेल तर तुमचे सण मला नकोत, गाणी बंद करा. इब्री लोकांस पत्र म्हणतं की बैलाबोकडांच्या रक्तानं पाप जातच नव्हतं. वधस्तंभाबद्दल नवा करार एकाच भाषेत बोलत नाही: मार्क १०:४५ मध्ये खंडणी, कलस्सैकरांस पत्रात सत्ताधाऱ्यांवरचा जय, पेत्राच्या पत्रात कित्ता. एकच चित्र घेऊन बाकीची खोडणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, असं का?

तसं नाही. निर्गम ३४ मध्ये देव स्वतःची ओळख दयाळू, मंदक्रोध अशी करून देतो, आणि देवाचं काम टाळून पळालेल्या योना या संदेष्ट्याची तक्रार नेमकी तीच आहे: 'तू दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो.' नरकाविषयी सर्वांत कडक शब्द येशूचे आहेत.

यहोशवाच्या पुस्तकातल्या, कनान देश जिंकतानाच्या कत्तली मात्र अवघड आहेत, आणि त्यावर आमच्याकडे गोड उत्तर नाही. एवढं दिसतं की पुस्तक स्वतःच सरळ रेषेत चालत नाही. कनानी राहाब वाचते, इस्राएली आखान मरतो. नियमशास्त्रानं मोआब्यांना मंडळीत येऊ देऊ नये म्हटलं, आणि दावीदाची पणजी रूथ मोआबी. मत्तयानं राहाब आणि रूथ या दोघींना येशूच्या वंशावळीत मुद्दाम ठेवलं आहे.

येशू हा अवतारच म्हणायचा ना?

घरी, ऑफिसात हमखास येणारा प्रश्न. साम्य मान्य करावं, त्यात भ्यायचं काही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भक्तीच्या मराठी चालीतच येशू गायला. फरक गोष्टीत आहे. येशू पुन्हा पुन्हा येत नाही, एकदाच येतो, आणि आल्यावर माणूसपण टाकत नाही. उठल्यानंतरही हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. कार्य संपवून वेश उतरवणं नाही, वस्ती कायमची.

त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द बायबलमध्ये आहे का?

शब्द नाही. पण 'परमेश्वर एकच' या अनुवाद ६ मधल्या कबुलीच्या आत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात येशूला बसवतो, आणि मत्तय २८ मध्ये बाप्तिस्मा पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं आहे. इ.स. ३२५ ची नायसिया इथली मंडळीच्या पुढाऱ्यांची परिषद हे सगळं एकत्र कसं बोलायचं ते ठरवत होती.

६६६ म्हणजे आधार कार्ड का?

नाही. ६६६ हा प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा, आणि प्रकटीकरण आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे, रोमच्या सत्तेखाली जगणाऱ्यांना. त्यांना जे कळणं शक्य नव्हतं तो त्याचा मुख्य अर्थ असू शकत नाही.

कॅथलिक बायबल वेगळं असतं का?

जुन्या करारात सात पुस्तकं जास्त, म्हणून एकूण ७३, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही भर. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच. आमच्या वर्गात दोन्ही प्रती असतात, त्यावरून भांडण होत नाही.

मी ख्रिस्ती नाही. आलो तर धर्म बदलायला सांगाल?

नाही. वाचायला या, मतभेद मोठ्यानं मांडा.

कोणती प्रत घ्यावी, आणि कुठून सुरुवात करावी?

अमेरिकन मिशननं मुंबईत मराठी नवा करार पूर्ण केला तो १८२६ साली. पंडिता रमाबाईंचं सबंध बायबलचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालं. आज वाचायला बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मंडळ्यांत सर्वत्र चालतं. मराठी ललित गद्याची सवय असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या.

पहिल्या पानापासून सुरुवात करणारे बहुधा निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात, खुंट्या-पडद्यांपाशी, गळतात. म्हणून आधी मार्क वाचा, सोळाच अध्याय आहेत, एका रविवारी दुपारी होतो. मग उत्पत्ती १ ते १५, निर्गम १ ते २०, दुसरं शमुवेल ७, यशया ४० ते ५५, आणि पुन्हा मार्क. दुसऱ्यांदा तो वेगळा लागेल. त्यानंतर रोमकरांस ८ आणि प्रकटीकरण २१-२२. लेवीय नंतरसाठी ठेवलं तरी चालेल, फक्त त्यातला सोळावा अध्याय इब्री लोकांस पत्र उघडण्याआधी वाचून घ्या.